पडद्याआडची सोनचाफी साडी

१

दुकानदाराने पडदा बाजूला केला. काचेच्या कपाटात लाकडी पुतळ्यावाचून दुसरे काहीच नव्हते. पुतळ्याच्या अंगावर धागासुद्धा नव्हता. एक हात किंचित पुढे करून तो असा उभा होता, की हातातले काहीतरी नुकतेच कोणी काढून नेले असावे.

‘हेच बघायला आलात ना?’ दुकानदार आवाज खाली ठेवून म्हणाला. ‘बघा. कालपासून मी हेच बघतोय.’

पाहुण्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांचे यजमान मात्र कपाटाकडे न बघता बसायला जागा कुठे आहे हे बघत होते. हे गृहस्थ आयुष्यभर एका कापड गिरणीत रंगतज्ज्ञ होते. रंगवलेला माल बिघडून आला, की चूक सूत कातणाऱ्याची, विणणाऱ्याची की रंगवणाऱ्याची, हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्यामुळे गिरणीत त्यांना सगळे ‘तपासनीस’ म्हणत. निवृत्तीनंतर पत्नीला जुन्या हातमागाच्या साड्या आणि त्या विकणारी दुकाने बघत गावोगाव फिरायचे होते, आणि तपासनिसांनी मुकाट्याने पिशव्या उचलण्याचे काम पत्करले होते. आता प्रवास संपत आला होता, पाय सुजले होते, आणि जगात एवढी कापडाची दुकाने असण्याची काही गरज आहे का, असा प्रश्न त्यांना प्रत्येक पायरी चढताना पडत होता.

दाराशी एक बुटके स्टूल होते. त्यांनी त्यावर बसून बूट काढून ठेवले. समोरच खुर्चीत दुकानदाराची आई बसली होती. म्हातारी, सडपातळ, ताठ. कमरेला चाव्यांचा जुडगा, अंगावर गडद जांभळी रेशमी साडी, तिला दोन बोटे रुंदीचा जरीचा काठ. म्हातारबाई रस्त्यावरची वर्दळ बघत होत्या आणि मधूनच मांडीवरचे रेशीम तळहाताने हलकेच सारखे करत होत्या.

‘चालून दमलात,’ त्या तपासनिसांना म्हणाल्या.

‘चालून नाही हो. बघून दमलो.’

त्या हसल्या, आणि मागे वळून त्यांनी मुलाला विचारले, ‘अरे, मावशी कुठंय? सकाळपासून दिसली नाही.’

‘आत माल लावतेय, आई,’ दुकानदार पटकन म्हणाला, आणि पाहुण्यांकडे बघून त्याने ओठांवर बोट ठेवले.

तपासनिसांची नजर तोवर जमिनीजवळच होती. मान वर करण्याचाही त्यांना कंटाळा आला होता. म्हातारबाईंच्या साडीच्या काठाच्या वर, जांभळ्या रेशमात, त्यांना बारीक पिवळे ठिपके दिसले. काही जवळजवळ, काही दूर, पण सगळे एका सरळ रेषेत. डोळेही थकले वाटते, असे मनाशी म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

२

मागच्या खोलीत नेऊन दुकानदाराने सगळी हकिकत सांगितली. साडी त्याच्या आईच्या लग्नातली. सोनचाफ्याच्या रंगाची, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, तशी विणणारा हात आता उरला नाही. वडिलांनी कपाट करवून घेऊन ती पुतळ्याला नेसवली, आणि तेव्हापासून ती दुकानाची ओळख झाली. उजेडाने रंग उडू नये म्हणून काचेवर पडदा. कोणी मुद्दाम विचारले तरच तो उघडायचा. काल दुपारी, आई घरी आडवी झाली असताना, एका गिऱ्हाइकासाठी पडदा उघडला तर पुतळा उघडा.

‘कुलूप?’ तपासनिसांनी विचारले. खरे तर त्यांना विचारायचे नव्हते. पण पत्नीने ‘ह्यांनी जन्मभर हेच केलंय’ असे आधीच सांगून टाकले होते.

‘शाबूत. चाव्या दोन. एक माझ्याकडे, एक गल्ल्यात. गल्ल्यातली मावशी घेते. पुतळ्यावरची धूळ तीच झटकते. म्हणजे उघडच आहे, नाही का?’

‘पोलीस?’

‘नको. घरचं आहे. आज दुकान बंद करताना तिला कायमची रजा देतो. शेजारच्या दुकानांत सांगून आलोय सगळ्यांना, सावध राहा म्हणून.’

‘आणि तुमच्या आईला?’

‘छे! आईला कोणी काही बोलायचं नाही. तिचं काळीज त्या साडीत आहे, तिला धक्का बसेल. आजूबाजूच्या सगळ्यांना तेवढं बजावलंय.’

मावशी त्याच खोलीच्या कोपऱ्यात, बांधलेल्या पिशवीजवळ बसलेली होती. दुकानातल्या साड्यांच्या घड्या घालणे, काठ तपासणे, फॉल लावणे हे तिचे काम. तिने हे सारे ऐकले होते आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग येऊन गेल्यानंतरचा रितेपणा होता.

‘विचारा,’ ती तपासनिसांना म्हणाली. ‘कालपासून मला कोणी काही विचारलेलंच नाही. नुसतं सांगताहेत.’

‘शेवटची साडी कधी बघितलीत?’

‘पुतळ्याची धूळ झटकली तेव्हा. बरेच दिवस झाले. मधे माझे गुडघे धरले होते, मी घरीच होते.’ मग तिने पिशवीतून एक लांब सुती पट्टी काढली. ‘हे तेवढं कपाटात पडलं होतं, पुतळ्याच्या पायाशी. माझाच फॉल आहे. साडी पुतळ्यावर नीट पडावी म्हणून आतून मी लावला होता.’

तपासनिसांनी पट्टी हातात घेतली, आणि त्यांच्या थकव्याला कुठेतरी बारीक चीर पडली. पट्टी ओढून फाडलेली नव्हती. टाका न टाका कापून, सावकाश सोडवलेली होती.

‘टाके कुठल्या दोऱ्यानं घातले होते?’

‘रेशमाचा दोरा त्या रंगात मिळेना. मग साधा रिळाचा पॉलिएस्टरचा घेतला. रंग असा जुळला, की घातलेला टाका मलाच सापडत नव्हता.’ ती थांबली. ‘दादा, ही नोकरी गेली तर गेली. पण पुढच्या कुठल्या दुकानात मी कापडाला हात लावायचा? चोर म्हणून कोण मला साडीची घडी घालू देणार?’

दुकानदाराने तोंड फिरवले. तेवढ्यात दाराशी कोणीतरी मोठ्याने हसत आले, आणि दुकानदाराचा चेहरा कडवट झाला.

‘हा आला,’ तो म्हणाला. ‘हिनं चोरली नसेल, तर ह्यानं.’

३

आलेला त्याचा धाकटा भाऊ होता. हा कापड विकण्यापेक्षा जुनी कापडे जमवणाऱ्या शौकिनांमध्ये अधिक रमत असे. सोनचाफी साडी विकून टाकू, असा लकडा त्याने भावामागे लावला होता, आणि त्यावरून दोघांचे बोलणे बंद व्हायची वेळ आली होती.

‘मी चोरली असती ना,’ तो स्वतःच म्हणाला, ‘तर पुतळ्यासकट नेली असती. पुतळाही जुना आहे, त्यालाही गिऱ्हाईक आहे.’

‘हळू बोल, आई बसलीय!’

‘दादा, तू सगळ्या जगाला सांगून आलास. आता हळू काय बोलायचं?’

तपासनिसांनी त्याच्यापुढे पट्टी धरली. ‘हे उसवायला किती वेळ लागेल?’

‘मला? शर्टाचं बटण तुटलं तर मी शर्ट बदलतो, काका. हे उसवायला बसलो असतो तर अजून त्या कपाटातच असतो.’

तपासनिसांना तो खरे बोलतो आहे असे वाटले. भोळेपणामुळे नव्हे, त्याच्या बोलण्यात हिशेब होता. विकायला नेणारा माणूस पट्टी उसवत बसत नाही. पट्टीने साडीची किंमत कमी होत नाही, आणि उसवताना रेशीम फाटले तर सगळेच जाते. चोराला घाई असते. हे काम ज्याने केले त्याला घाई नव्हती, पकडले जाण्याची धास्ती नव्हती, आणि साडीवर ओरखडाही पडू नये एवढी माया होती.

‘माया असलेला चोर,’ तपासनीस पत्नीला हळूच म्हणाले. ‘गिरणीत असा माल माझ्याकडे कधी आला नव्हता.’

‘तुम्ही बूट न घालता फिरताय,’ पत्नी म्हणाली.

तेव्हाच रंगारी आला. दुकानाची कापडे वर्षानुवर्षे रंगवून देणारा, खांद्यावर रंगवलेल्या ओढण्यांचे गाठोडे. गाठोडे ठेवताना त्याचे हात दिसले. नखांच्या कडांना गडद जांभळा रंग मुरलेला होता, आणि गाठोड्यातल्या ओढण्या साऱ्या हिरव्या होत्या.

‘अलीकडे जांभळं काय रंगवलंत?’ तपासनिसांनी सहज विचारावे तसे विचारले.

रंगाऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. ‘साहेब, जुनं कापड रंगवायला टाकणारा माणूस ते चारचौघांत सांगत नसतो. नवं घेतलं असं लोकांना वाटावं म्हणून तर रंगवतो. कोणाचं काय रंगवलं हे आम्ही बोलायला लागलो तर धंदा बसेल.’

‘चोरीचं असलं तरी?’

‘चोरीचं मी घेत नाही. ज्याचं त्यानं हातानं आणून दिलं, तेवढंच घेतो.’

मग दुकानदाराने त्याला साडी गेल्याचे कुजबुजत सांगितले. रंगारी गडबडला. त्याने एकदा कोपऱ्यात पिशवीशी बसलेल्या मावशीकडे पाहिले, एकदा दाराकडे, आणि खांद्यावरचे फडके काढून विनाकारण हात पुसले.

‘गेली? म्हणजे कुठे गेली?’

‘तेच शोधतोय.’

‘शेठ, घरात विचारलंत का सगळ्यांना?’

‘विचारलं.’

‘सगळ्यांना?’

दुकानदार चिडला. ‘सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना! आता काय पुतळ्याला विचारू?’

तपासनिसांनी डोळे मिटून घेतले. थकलेल्या माणसाला एखादी गोष्ट कळते तेव्हा तिचा आनंद होत नाही, आता उठावे लागणार एवढेच कळते.

४

‘शेठ,’ ते म्हणाले, ‘एक विचारतो. दाराकडे न बघता उत्तर द्या. तुमच्या आईच्या अंगावर आज कोणती साडी आहे?’

‘साडी? असेल रोजचीच.’

‘रंग?’

दुकानदार दाराकडे वळायला गेला आणि थांबला. एखादे गिऱ्हाईक वर्षामागे काय नेसून आले होते, हे सांगणारा माणूस तो. धाकटाही कपाळाला हात लावून आठवू लागला.

‘तुम्ही दोघं भाऊ कापडात वाढलात,’ तपासनीस म्हणाले. त्यांचा स्वर कठोर नव्हता, नुसता दमलेला होता. ‘जिला धक्का बसू नये म्हणून सारे कुजबुजताहेत, तिच्याकडे कालपासून कोणी बघितलेलं नाही. कपाट वडिलांनी करवून घेतलं म्हणता. त्यांच्याकडे चावी होती ना?’

‘होती. ती असेल कुठेतरी…’ दुकानदाराचा आवाज विरत गेला.

‘चावी आईंच्या कमरेला असणार. तुमच्या हिशेबात ती आलीच नाही, कारण आई तुमच्या हिशेबात नव्हत्या. आता कापडाचं ऐका. रेशमाला जो रंग चढतो, तो पॉलिएस्टरच्या दोऱ्याला धरत नाही. रेशीम जांभळं होतं, दोरा पिवळा तो पिवळाच राहतो. ज्यानं फॉल उसवला, त्याला पिवळ्या रेशमातले पिवळे टाके दिसेनात. कापलेल्या दोऱ्याचे जे तुकडे हाताला लागले ते काढले, बाकीचे राहिले. रंगात बुडवल्यावर ते उघडे पडले. काठाच्या वर, एका रेषेत. म्हणजे आईंच्या अंगावरच्या साडीला कधीतरी सोनचाफी दोऱ्यानं फॉल लावला होता, आणि उसवणाऱ्याचे डोळे म्हातारे होते.’

रंगाऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. ‘माझ्या तोंडून नाही निघालं हं,’ तो म्हणाला. ‘पण बरं झालं.’

दुकानदार मात्र भिंतीला टेकला. ‘जांभळी केली?’ तो पुटपुटला. ‘ती साडी… जांभळी?’

दाराकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हातारबाई उठून आत आल्या होत्या, आणि त्यांचे कान त्यांच्या मुलांना वाटत होते तेवढे गेलेले नव्हते.

५

‘मी केव्हाची वाट बघतेय, कोणी विचारतंय का,’ त्या म्हणाल्या. ‘कालपासून सगळे कुजबुजताय. मला वाटलं, रंगाऱ्याकडची गोष्ट फुटली, पण मला बोलायची कोणाची छाती होत नाही. म्हटलं बघू तरी, किती दम आहे. म्हणून आज नेसूनच आले. ह्या पाहुण्यांनी एवढं बघितलं, तुम्हाला एक नजर टाकता आली नाही.’

‘आई, पण का?’ दुकानदार म्हणाला. ‘तशी साडी आता कुठे मिळणार नाही गं.’

‘मला कुठे दुसरी हवीय? एकदा नेसले ही, लग्नात. मग तुझ्या वडिलांनी पुतळ्याला दिली. मी रोज समोर बसायचे आणि लोकांनी तिला छान म्हटलेलं ऐकायचे. नेसते म्हटलं की तुम्ही दोघं एका सुरात, आई, फाटेल. पिवळी नेसून बाहेर पडले असते तर उंबऱ्यातच उतरवून घेतली असतीत. म्हणून रंग बदलला. रोज दुपारी, तू जेवायला गेलास की, पडद्याआड थोडं थोडं उसवलं. माझीच साडी, माझीच चावी. ह्यात चोरी कुठली?’

चोरी हा शब्द त्यांच्या स्वतःच्याच कानावर उशिरा पडला असावा. त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितले.

‘आळ घेतलास का कोणावर?’

दुकानदाराची नजर कोपऱ्याकडे गेली. म्हातारबाईंनी कोपऱ्यातली पिशवी पाहिली, पिशवीशेजारची मावशी पाहिली, आणि त्यांचा ताठ कणा पहिल्यांदाच थोडा वाकला.

‘मावशी, मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं गं. माल लावतेय म्हणाला हा.’

मावशी उठली. जवळ येऊन तिने जांभळ्या रेशमावरून बोटे फिरवली. पिवळ्या ठिपक्यांपाशी ती थांबली, आणि स्वतःचे टाके ओळखून तिला हसू आले की रडू, हे तिलाच कळले नसावे. ‘निऱ्या नीट बसल्या नाहीत,’ ती एवढेच म्हणाली आणि खाली वाकून तिने त्या सारख्या केल्या. ‘शोभतेय तुम्हाला. पुतळ्यावर अशी दिसत नव्हती.’

तपासनिसांच्या पत्नी डोळे पुसू लागल्या. दुकानदाराने ती संधी साधली.

‘मावशी, झालं गेलं सोडून दे. गैरसमज झाला. उद्यापासून ये नेहमीसारखी.’

मावशी त्याच्याकडे वळली. ‘मी चोर नाही हे तुम्हाला आज कळलं, शेठ. तुम्ही कसे आहात हे मला काल कळलं.’

‘अगं, मी माफी मागतो ना.’

‘इथे, आत, दार लावून? काल सांगायला आतच बसला होतात का?’ तिने पिशवी उचलली, बाहेरच्या दालनात आणली, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या गादीच्या खुर्चीत, जिथे ती आजवर कधी बसली नव्हती, तिथे ती बसली. ‘ज्या ज्या दुकानात माझं नाव सांगून आलात, तिथे जाऊन आता खरं सांगून या. मी थांबते. मग येईन की नाही ते ठरवेन.’

दुकानदाराने आईकडे बघितले.

‘चपला घाल,’ आई म्हणाली.

‘दादा, मी येऊ बरोबर?’ धाकट्याने विचारले. त्यात थट्टा किती आणि दया किती, हे कळणे कठीण होते.

‘त्याला एकट्याला जाऊ दे,’ आईच म्हणाली. ‘काल एकटाच गेला होता ना?’

दुकानदार पायऱ्या उतरला. तपासनिसांना आता खुशाल निघता आले असते. पत्नीने पिशव्याही उचलल्या होत्या. पण ते पुन्हा स्टुलावर बसले. रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या दारात दुकानदार उभा होता. शिंपी मशीन थांबवून ऐकत होता, मग त्याने मोठ्याने काहीतरी विचारले, आणि दुकानदाराची मान आणखी खाली गेली. तिथून तो पुढच्या दारात गेला, आणि तिथून पुढच्या. प्रत्येक दारात त्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. मावशीने पाणी मागितले. धाकट्याने ते आणून दिले. म्हातारबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या, आणि दोघी रस्त्याकडे बघत राहिल्या.

दुकानदार परतला तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. एका दिवसात माणूस एवढा थकू शकतो, हे तपासनिसांनाही नवे होते.

‘सांगितलं,’ तो म्हणाला. ‘सगळ्यांना सांगितलं.’

‘त्या कोपऱ्यावरच्या पडद्यांच्या कापडवाल्याला?’ मावशीने विचारले.

‘त्याचं दुकान बंद असेल आता.’

मावशी किंचित पुढे वाकली. ‘उघडं आहे. मला इथून दिसतंय.’

दुकानदाराने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा आईकडे. दोघींपैकी एकीनेही नजर हटवली नाही. मग भिंतीचा आधार घेत तो पुन्हा पायऱ्या उतरू लागला.